दमलेलं मटण

दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी सकाळी विश्वनाथ घोलप संस्थेत आला, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचला आणि तिथेच थांबला. बाहेर धूर होता. गेले चार दिवस सगळी दिल्ली त्या धुरात बुडाली होती, मेट्रोतून उतरल्यापासून घशात जळक्या कागदासारखी चव होती, आणि तरीही त्या धुराच्या खालून दुसरा एक वास जिन्यावर येत होता. आधी लोखंडाचा, ओल्या सुरीचा. त्याच्या मागून गोडसर. आणि अगदी तळाशी, नुकता सुरू झालेला, आंबट. त्याने कठड्याला हात लावून हिशेब केला. असा वास सुटायला निदान अडीच दिवस बर्फ सुटलेलं असायला हवं, आणि बर्फ सुटायला त्याआधी दोन दिवस. म्हणजे बुधवारी संध्याकाळी. कुलूप उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं की उणे ऐंशी बंद पडलं आहे.

उणे ऐंशी म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर. शून्याखाली ऐंशी अंश. त्यात चारशे बारा बकऱ्यांच्या मांसाचे तुकडे होते, प्रत्येक तुकडा बोटाएवढा, प्रत्येकाला चिठ्ठी: कुठली जात, कुठून आली, ट्रकमध्ये किती तास होती, उतरल्यावर पाणी मिळालं की नाही. अकरा वर्षं लागली होती ते जमवायला. दार उघडलं तेव्हा फरशीवर गुलाबी पाण्याचं थारोळं होतं आणि फ्रीझरची वायर काढून भिंतीशी सोडून दिलेली होती. सॉकेटमध्ये दुसरीच पिन होती, पिवळी, जाड, तिची वायर खिडकीतून बाहेर जाऊन खालच्या मजल्यावर उतरत होती. तिथे संचालकांच्या नव्या मीटिंग रूमचं काम चाललं होतं. कुणाला तरी ड्रिलसाठी पॉइंट हवा होता. फ्रीझरची धोक्याची घंटा तीन वर्षांपासून बंद होती; तिच्याबद्दल त्याने तीन पत्रं लिहिली होती. तो खुर्चीवर बसला. मग उठला आणि, का ते त्याला सांगता आलं नसतं, वायर परत सॉकेटमध्ये घातली. यंत्र घरघरलं, काट्यावर अधिक चौदा अंश दिसले, आणि आकडा हळूहळू खाली यायला लागला, जणू काही झालंच नव्हतं.

कृतिका साडेनऊला आली. कृतिका वानखडे, अकोल्याची, सहा वर्षांपासून त्याच्याकडे पीएच.डी. करणारी, मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणारी. ती दारात उभी राहिली, नाकाला ओढणी लावली नाही. एवढंच म्हणाली, "सगळे?"

"सगळे."

"दोनशे पंचेचाळीसच्या पुढचे पण?"

"कृतिका, सगळे."

दोनशे पंचेचाळीसपर्यंत त्यांची मोजणी झाली होती. उरलेल्या एकशे सदुसष्ट नमुन्यांना दोन महिने पुरले असते. डिसेंबरअखेर विश्वनाथ निवृत्त होणार होता, जूनमध्ये कृतिकाची विद्यापीठाने दिलेली मुदत संपणार होती. दोघांचं गणित त्या दोन महिन्यांवर बेतलेलं होतं. ती खाली बसली, फरशी पुसायचं फडकं घेतलं आणि ते गुलाबी पाणी पुसायला लागली. त्याने तिला थांबवायला हवं होतं. तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला आणि त्याला गावाकडचं, भूमचं दुकान आठवलं.

भूमचं दुकान त्याच्या वडिलांचं. आण्णा खाटीक. बाजारपेठेच्या टोकाला, लिंबाखाली, ओट्यावर ओंडका. लहानपणी शाळेतून आल्यावर विश्वनाथला फरशी धुवावी लागे, आणि तो धूत असताना रस्त्यावरून वर्गातली पोरं जाऊ नयेत एवढंच त्याच्या मनात असे. आण्णांना मात्र त्या ओट्यावर काही लपवायचं नव्हतं. बकरं घेताना ते त्याच्या कानाला हात लावत, बरगड्यांवरून बोटं फिरवत, आणि लांबून चालवत आणलेलं असेल तर एक रात्र बांधून ठेवत, पाणी आणि शेवरीचा पाला देत. दुसऱ्या दिवशी कापत. "दमल्यालं हाय," म्हणत. "दमल्यालं मटण शिजतंय पण लागत न्हाई." एखाद्या वेळी गिऱ्हाईक खोळंबलं तरी आण्णा ऐकत नसत. विश्वनाथला त्यात तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. त्याला तिथून निघायचं होतं. रसायनशास्त्र हे त्याला मिळालेलं सगळ्यात स्वच्छ नाव होतं. काचेची भांडी, पांढरा कोट, कशालाच कशाचा वास नाही. लातूरला बी.एस्सी., पुण्याला एम.एस्सी., मग दिल्लीची ही सरकारी संस्था, आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांनी विचारलं होतं, मांसाच्या गुणवत्तेचं काम करायला कुणी तयार नाही, तुम्ही कराल? अर्जावरच्या आडनावावरून त्यांनी जात ताडली होती का, की तो केवळ योगायोग होता, हे त्याला एकतीस वर्षांत विचारता आलं नाही. तो हो म्हणाला होता. आणि त्या दिवसापासून कुणी विचारलं की तो म्हणे, फूड सायन्समध्ये आहे. भाड्याचं घर शोधताना, बायकोच्या, सरलाच्या माहेरी, मुलीच्या, इशिताच्या शाळेच्या फॉर्मवर, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. फूड सायन्स. लोक मान डोलावत आणि पापड किती दिवस टिकतात ते विचारत.

दुपारी संचालकांनी बोलावलं. संचालक लखनौकडचे, मऊ बोलणारे, कधी कुणाला उभं न ठेवणारे. त्यांनी चहा मागवला. "घोलप साहब, बहुत अफ़सोस की बात है," ते म्हणाले, आणि ते खरंच वाईट वाटल्यासारखे दिसत होते. मग म्हणाले की चौकशी लावली तर ती वर मंत्रालयापर्यंत जाईल. मीटिंग रूमच्या कामाला कुणी कशी परवानगी दिली ते निघेल. तो इलेक्ट्रिशियन ठेक्यावरचा आहे, त्याला दोन मुली आहेत, पहिला तोच जाईल. आणि नमुने तुमच्या ताब्यात होते अशी नोंद आहे, निवृत्तीच्या तोंडावर कशाला. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की सदर नमुने जुने व निरुपयोगी झाल्याने नियोजनानुसार नष्ट करण्यात येत आहेत. "आप तो जानते हैं, वैसे भी यह सब्जेक्ट अब... आगे यहाँ मिलेट का ही होगा." आणि थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, "आपके लिए एक कमरा रहेगा. एमेरिटस. मैं देख लूँगा."

विश्वनाथने कागद दोनदा वाचला. त्याला त्याचा अर्थ पूर्ण कळला होता. अपघात झाला असं संस्थेने लिहून दिलं तर विद्यापीठ कृतिकाला दीड वर्ष वाढवून देणार होतं. नियमच होता तसा. नमुने ठरवूनच नष्ट केले असतील तर काहीच नाही. तो इलेक्ट्रिशियनच्या दोन मुलींचा विचार करायला लागला. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने त्यांचा विचार केला, त्यांना दप्तरं दिली, वेण्या घातल्या, आणि त्या दोन मुलींच्या आड उभं राहून त्याने सही केली. चहा छान होता. आलं आणि जरा जास्त उकळलेली पत्ती, त्यातला तुरट भाग जिभेच्या कडांना लागत होता. एवढं होऊनही आपलं नाक, आपली जीभ काम करतेच आहे, याचं त्याला नवल वाटलं.

कृतिकाला त्याने सांगितलं, "कमिटीने ठरवलं. माझ्या हातात नव्हतं."

"म्हणजे अपघाताचं लेटर नाही मिळणार?"

"नाही."

"मग आता?"

"बघू."

ती "अच्छा" म्हणाली आणि टेबलावरचे आलेख गोळा करायला लागली. त्या आलेखांमध्ये एकोणिसाव्या मिनिटाला एक उंचवटा होता. यंत्रात वास सोडला की त्यातले घटक एकामागोमाग एक बाहेर येतात आणि कागदावर डोंगर काढतात. एकोणिसाव्या मिनिटाचा हा डोंगर इतका लहान होता की आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याला कचरा समजून सोडून दिलं होतं. कृतिकाने त्याच्या पाठीमागे चार वर्षं घालवली. जी बकरी ट्रकमध्ये तीस तासांपेक्षा जास्त होती, त्यांच्यातच तो दिसायचा. थकलेलं जनावर अंगातली साखर जाळून टाकतं, मग कापल्यावर त्याच्या मांसात हवं ते आम्ल तयार होत नाही, ते काळपट आणि चिकट राहतं, शिजताना त्याला गोडूस खरपूस वास सुटत नाही, ओल्या लोखंडासारखा काहीतरी मागे राहतो. एवढं जगाला माहीत होतं. त्या लोखंडाचं नाव काय, हे माहीत नव्हतं. नाव सापडलं असतं. कदाचित सापडलं नसतं. आता दोन्ही सारखंच झालं होतं.

संध्याकाळी घरी, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये, सरलाने विचारलं, "अहो, जेवायला काय करू? काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही." सरला केंद्रीय विद्यालयात शिकवायची, माहेर वारकरी घरचं नसलं तरी शाकाहारी, आणि लग्नानंतर तिने त्याच्या कामाबद्दल कधी वाकडा शब्द काढला नव्हता. फक्त त्याचे कपडे वेगळे धुवायची. तो म्हणाला, "वरणभात." मग म्हणाला, "फ्रीझर गेला." तिला वाटलं घरातला, आणि ती उठून बघून आली. बोलायचं असतं तर सुरुवात कुठून करायची होती? आण्णांपासून करावी लागली असती.

आण्णा दिल्लीला एकदाच आले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, दोन हजार एक साली. पट्टी निघाल्यावर विश्वनाथ त्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेला. सहज, गंमत म्हणून, त्याने सात तुकडे नुसत्या मिठात उकडून त्यांच्यापुढे ठेवले, प्रत्येकावर आकडा. त्याच्या चव ओळखायच्या पॅनेलवर बारा शिकवलेली माणसं होती, तीन महिने प्रशिक्षण घेतलेली, आणि त्यांना ह्या सातांत फरक लागला नव्हता. आण्णांनी आधी हात धुतले. मग एकेक तुकडा उचलून अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला, खाल्ला नाही. तीन तुकडे बाजूला काढले. "ही तिन्ही दमल्याली," ते म्हणाले. "ह्यो तर लई. ह्याला पानी बी दिल्यालं न्हाई, विसू." विश्वनाथने वही उघडली. तिन्ही बकरी राजस्थानातून अडतीस तास ट्रकमध्ये होती. तिसऱ्याच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्याच अक्षरात होतं: पाणी नाही.

तिथून सगळं सुरू झालं होतं. प्रकल्प, निधी, गाझीपूरच्या बाजारात ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत घालवलेल्या पहाटा. त्यावर पहिला शोधनिबंध लिहिताना त्याने एक वाक्य घातलं होतं, की ही कल्पना लेखकाला त्याच्या वडिलांनी, व्यवसायाने खाटीक, दिली. परीक्षकाने कळवलं, एका व्यक्तीचं मत म्हणजे पुरावा नव्हे; हे वाक्य आभारात टाकावं. विश्वनाथने ते आभारातही टाकलं नाही. काढूनच टाकलं. त्या वेळी काढताना त्याला हलकं वाटलं होतं, ही गोष्ट तो विसरू शकला नाही. निबंध छापून आल्यावर त्याने एक प्रत भूमला पाठवली, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेला तेव्हा बघितलं तर आण्णांनी तिचं पहिलं पान लॅमिनेट करून दुकानात, खंडोबाच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. गिऱ्हाइकाला मटण बांधून देताना ते हनुवटीने तिकडे दाखवत. "ह्यात माझं बी लिवलंय. पोरानं लिवलंय, विंग्रजीत." गिऱ्हाईक बघे. विश्वनाथही बघे. तो सात दिवस तिथे होता, दिवसातून दहादा त्याने ते ऐकलं आणि काही बोलला नाही. आण्णा दोन हजार नऊमध्ये गेले. त्या ओट्यावर आता मोबाइल विकतात.

नोव्हेंबर, डिसेंबर कसे गेले ते त्याला कळलं नाही. पिवळ्या पिशव्या भरून नमुने जाळायला गेले. नेणाऱ्या माणसाने वजन करून पावती दिली. कृतिका रोज येत होती. आल्यावर त्याच्या खोलीच्या दाराशी एक क्षण थांबायची, "सर, काही होतं का?" विचारायची. तो म्हणायचा, "नाही, काही नाही." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की तिने पीएच.डी.तून नाव काढून घेतलं आहे आणि मानेसरला एका फ्लेवर कंपनीत नोकरी धरली आहे. त्याने अभिनंदन केलं. एकतीस तारखेला त्याला निरोप दिला गेला. शाल, नारळ, समोसे, आणि संचालकांचं भाषण, त्यात विश्वनाथने प्रोटीनच्या क्षेत्रात केलेल्या सेवेचा चार वेळा उल्लेख होता. संचालकांनी कबूल केलेल्या खोलीचं पत्र आलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मागून कळलं की ती खोली ज्वारी-बाजरीच्या पोत्यांना दिली.

चौदा जानेवारीला सरलाने त्याला मंडळाच्या बसने पानिपतला नेलं. "घरात बसून बसून काय कराल," ती म्हणाली. काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, थंडी होती, धुकं गव्हाच्या शेतांवर टेकलेलं. एक निवृत्त प्राध्यापक माइकवर सांगत होते की लढाईच्या आधी फौजेला कित्येक दिवस पोटभर मिळालं नव्हतं, जनावरं आणि माणसं चालून चालून मोडून पडली होती, आणि तशीच ती मैदानात उतरली. लोक तिळाच्या वड्या वाटत होते. विश्वनाथच्या मनात आलं, ती माणसं काय वासाची असतील. आणि हा विचार आल्याची त्याला शरम वाटली, त्याने आजूबाजूला बघितलं. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, कृतिका. बोलू शकता का? आमच्याकडे एक प्रॉडक्ट आहे, सोया नगेट्स, मटण फ्लेवर. टीमला एक एक्स्पर्ट हवाय, टेस्टिंगला. मी तुमचं नाव सांगितलंय. याल का एक दिवस?"

तिचा आवाज मोकळा होता. त्याला इतकं बरं वाटलं की तो लगेच हो म्हणाला.

गुरुग्रामच्या मेट्रो स्टेशनाबाहेरून कंपनीची बस होती. बसमध्ये सगळे पंचविशी-तिशीतले, कानात तारा, झोपलेले. मानेसरच्या त्या प्रयोगशाळेत कशालाच वास नव्हता. हवा वरून ओढून घेतली जात होती. कृतिकाने पांढरा कोट घातला होता, केस टोपीत. टीमचा प्रमुख विक्रांत नावाचा तरुण होता, त्याने वाकून नमस्कार केला. "सर, आपके पेपर्स पढ़े हैं हमने." विश्वनाथपुढे तीन वाट्या ठेवल्या. त्याने हात धुवायला पाणी मागितलं. त्यांनी सॅनिटायझर दिलं. तो नको म्हणाला, उठून बेसिनशी जाऊन आला.

तिन्ही चांगले होते. तिसरा तर इतका चांगला की त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मग त्याला भीती वाटली. त्यात सगळं होतं: चरबीचा तो किंचित रानटी दर्प, खरपूसपणा, मागून गोडवा. कुठलंच बकरं कधी इतकं बकऱ्यासारखं लागलं नसेल. "कुछ मिसिंग लगता है, सर?" विक्रांतने विचारलं. विश्वनाथने खरं म्हणजे नाही म्हणायला हवं होतं. पण समोर माणसं ऐकायला बसली होती, वह्या उघडून, अकरा वर्षांत अशी कुणी बसली नव्हती. तो बोलायला लागला. हे बकरं कुठेच चाललेलं नाही, तो म्हणाला. याला कुणी ट्रकमध्ये घातलेलं नाही. खऱ्या मटणात जनावराचा शेवटचा दिवस असतो. तहान लागली असेल तर ती असते. तो हिंदीत बोलत होता, मध्येच मराठीत जात होता, आणि कृतिका खाली मान घालून लॅपटॉपवर टाइप करत होती. एक ओल्या लोखंडासारखी छटा असते, तो म्हणाला, ती पकडायला मला—

विक्रांत फार नम्रपणे थांबला होता. "सर, एक क्लॅरिटी चाहिए. ये नोट हमें चाहिए, या नहीं चाहिए?"

विश्वनाथला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने विचार केला. भुकेला माणूस, घरी पाकीट नेणारा, पोराला दोन नगेट्स तळून देणारी बाई.

"नहीं चाहिए," तो म्हणाला.

"परफेक्ट. अवॉइड लिस्ट में डाल दो," विक्रांत कृतिकाला म्हणाला. तिने एक ओळ लिहिली. पुढची वाटी आली.

साडेचारला कृतिका त्याला गेटपर्यंत सोडायला आली. कंपनीची बस सहाला होती, म्हणून ती शेअर ऑटो बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. शिफ्ट सुटलेली माणसं घोळक्याने जात होती. तिने टोपी काढली होती. केसांवर तिचा वळ उमटला होता.

"सर, ती नोट मी वाचली होती," ती म्हणाली. "तुमच्या सहीची, नमुने नष्ट करायची."

ऑटो एक आला, भरलेला, गेला.

"कधी?"

"नोव्हेंबरमध्येच. ऑफिसने माझा मुदतवाढीचा अर्ज परत दिला ना, त्यात तिची झेरॉक्स चुकून आली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." ती रस्त्याकडे बघत होती. "महिनाभर थांबले मी. रोज विचारायचे पण."

त्याने तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. राग असता तर त्याला पुढे काही करता आलं असतं. मान खाली घालता आली असती, त्या दोन मुलींचं सांगता आलं असतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सहाच्या बसची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं होतं.

"त्या इलेक्ट्रिशियनला तरी ठेवलं का?" तिने विचारलं.

"नाही. ठेकाच बदलला, डिसेंबरात."

"अच्छा."

एक ऑटो थांबला, मागे एक जागा होती. कृतिकाने ड्रायव्हरला कुठे उतरवायचं ते हिंदीत नीट समजावलं आणि विश्वनाथची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. मग वाकून म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात चिकनचं पॅनेल आहे. विक्रांत सर म्हणत होते, तुम्हाला परत बोलवू या. याल?"

शेजारचा कामगार सरकून बसला, त्याच्या अंगाला तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. नाही म्हणायचं, हे विश्वनाथच्या मनात अगदी स्पष्ट होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर तयार होता.

"किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.